बाबांची गेलेली पानं

चैत्र सरत आला की अमरावतीत आमच्या गल्लीत एकच काम चालतं. ज्याच्या त्याच्या दारात कूलर बाहेर काढलेला, जाळ्या उघड्या, आणि माणसं मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून नवं भरतायत. परवा मीही भरलं. नव्या गवताला पहिलं पाणी लागलं की एक वास सुटतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो मुळीच आवडत नाही, नाकाला पदर लावतात. आम्हाला मात्र तेवढ्यानंच धीर येतो; चला, आता येऊ दे ऊन. परवा तो वास आला आणि मी हातातली बादली खाली ठेवून ओट्यावर बसून राहिले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काहून व मॅडम, चक्कर आली का?" म्हटलं, "नाही हो, अकोला आठवलं." त्या हसल्या. "मंग तं येईनच चक्कर."

ऊन आमच्याकडेही काही कमी नसतं. पण अकोल्याचं ऊन वेगळंच. सकाळी नऊलाच रस्त्यावर माणूस दिसेनासा होतो आणि जो दिसतो त्याचे दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसतात. नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. अंथरुणावर पाठ टेकली तर गादीखाली कोणी चूल पेटवली की काय असं वाटावं. आणि अकोलेकरांना विचारा, ते म्हणतील, "हे काय ऊन हाय? औंदा तं थंडच हाय." चार वर्षांपूर्वीचा वैशाख मी तिथं काढला, पूर्ण. कॉलेजला सुट्ट्या लागल्या त्या दिवशी गेले आणि कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी परतले.

बाबा तेव्हा घरी एकटे होते. आईला जाऊन सहा महिने झाले होते. धाकटा भाऊ पुण्याला, मी इकडे. दोघांनीही 'आमच्याकडे चला' म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "मले अठीच बरं हाये. तुमच्या घरी मले पंख्याचं बटनही इचारून दाबा लागते." झालं, पुढं बोलायची सोयच ठेवली नाही. माणूस असा तोडून बोलतो आणि मग आपल्या ताटात आंब्याची मोठी फोड वाढतो. मला बाबांचा राग येतो तो असा अर्धाच येतो, म्हणून जास्त त्रास होतो.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जमलेली सगळी माणसं तिच्याबद्दल दोन-दोन शब्द बोलली होती. बाबांची पाळी आली. ते उठले, हात पुढे बांधले, आणि नुसते उभे राहिले. मग खाली बसले. त्या रात्रीपासून मला वाटत होतं की या माणसाला काहीतरी सांगायचंय. म्हणून आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर मी अकोल्याला नेऊन ठेवला. बाबा सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मराठी टायपिंग मिनिटाला चाळीस शब्द. कळफलकही त्यांच्या जुन्या मशीनच्याच मांडणीचा बसवून दिला. पहिल्याच दिवशी ते अशा जोरानं बटनं ठोकायला लागले की मी म्हटलं, "बाबा, हळू. आत कार्बन नाही." ते म्हणाले, "हात ऐकत नाई नं बाई."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "कमलवर लिहून राहिलो." कमल म्हणजे आई.

मला काय झालं ते कसं सांगू! आईनं स्वतःबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं. वलगावचं माहेर, बापाच्या सायकलवर मागे बसून शाळेत जाणं, एवढं एखाद-दोन वेळा. लग्नानंतर तिनं डी.एड. केलं होतं, मास्तरणीच्या नोकरीसाठी मुलाखतही दिली होती, हे मला ठाऊक होतं. पुढं विचारलं की, "मी नाई झाली बाई पास," म्हणायची आणि परातीतल्या पिठाकडे वळायची. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मोरीत जाऊन रडली. आता ती नाही. तिचे ते दिवस माहीत असलेलं एकच माणूस जगात उरलं होतं आणि ते माणूस लिहायला बसलं होतं. मी त्या पानांकडे डोळे लावून बसले.

"वाचू द्या न जरा," मी रोज म्हणायची.

"संपू दे. अर्ध्या टिपणीवर सही घेत नसतात."

सकाळी सहा ते नऊ त्यांचं टायपिंग चाले. मी स्वयंपाकघरात. खडखडखड आवाज येई, मग थांबे, बराच वेळ थांबे, मग पुन्हा सुरू होई. मी गच्चीवर कुरडयांचा चीक घालत असे तेव्हाही तो आवाज खिडकीतून वर ऐकू यायचा. आई कुरडया घालायची तेव्हा आम्ही दोघं बहीणभाऊ ओला चीक चोरून खायचो. मी एकटीच घालत होते आणि एकटीच खात होते. कोणासाठी घालत होते कोण जाणे, पण हात चालत होते आणि खालून आवाज येत होता. आई गेल्यानंतर मला पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं.

लिहून झालं की बाबा कॉम्प्युटर बंद करत नसत. नुसता पडदा बंद करायचे. मग आईच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं एक कव्हर होतं ते वरून घालायचे, कचेरीत मशीनवर घालत तसं. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा चालूच, त्याचा हिरवा दिवा दिवसभर. मी दोनदा सांगितलं, "बाबा, फाईलला नाव द्या आणि जपून ठेवा. असं बटन आहे पाहा, हे आणि हे एकदम दाबायचं." त्यांनी समजून घेतलं, मान हलवली. "नाव द्याची काय घाई हाये? दिसून तं राह्यलं." मला वाटलं, जुन्या टायपिस्टची सवय. मशीनवर अक्षर उमटलं की उमटलं, कागद कुठं पळून जात नाही. ज्या माणसानं आयुष्यभर एकही पत्र स्थळप्रत ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही, भावाच्या लग्नाच्या पत्रिकेचीसुद्धा एक प्रत फाईलला लावली, त्याला आपण काय शिकवावं? तीन आठवडे असेच गेले. पानं बावीस झाली होती. आकडा तेवढा मला सांगत.

आणि मग माझं शहाणपण.

दुपारचे दोन. लाइन गेली. इन्व्हर्टर होता, त्यावर दोन पंखे आणि कॉम्प्युटर. पंखा गरम हवाच फेकत होता. बाबा पलंगावर ओला पंचा छातीवर घेऊन पडले होते आणि पंचा दहा मिनिटांत वाळत होता. शहात्तर वर्षांचं शरीर. मला पाहवेना. उठले, कूलरची वायर काढली आणि इन्व्हर्टरच्या बोर्डात नेऊन खोचली. कूलर सुरू झाला. बाबांनी डोळे मिटले. "आहा, वारं आलं व बाई," म्हणाले. मी इतकी खूश झाले. पाच मिनिटं झाली असतील, इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडला, एकदम थांबला, आणि घरात चिडीचूप झालं. पंखे थांबले. टेबलाखालचा हिरवा दिवाही गेला. मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. मी म्हटलं, "अरे बापा, ओव्हरलोड झालं." आणि हातपंख्यानं वारा घालत बसले.

चारला लाइन आली. बाबांनी कव्हर काढलं, बंद पडलेला डबा सुरू केला, पडदा लावला आणि लिहायचं पान उघडलं. मी चहा घेऊन आले तेव्हा ते पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर काहीच नव्हतं; नुसतं पांढरं पान आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ.

"कोरं हाये," बाबा म्हणाले.

करायला गेले काय अन् उलटे झाले पाय, ही म्हण मी मुलांना वर्गात शंभरदा समजावली असेल. त्या दिवशी मला ती समजली. मी खुर्चीवरून त्यांना उठवलं, हे दाबलं, ते उघडलं, बंद केलं, पुन्हा लावलं. काही नाही. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "चहा थंडा होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शफीकभाई आले. बाबांच्या कचेरीतली टाइपरायटरं हेच दुरुस्त करायचे. मशीनं गेली तसे कॉम्प्युटरकडे वळले. आता दाढी पूर्ण पांढरी. डोक्याला दुपट्टा, आणि शर्टाच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा. तो कांदा टेबलावर काढून ठेवून त्यांनी तासभर शोधलं. मी मागे उभी.

"साहेब, फाईल का नाम क्या था?"

"नाव नोतं देलं."

शफीकभाईंनी चष्मा वर केला. "जिसकू नामच नही दिया उसकू मै कौनसे नामसे पुकारू?" मग माझ्याकडे वळून वऱ्हाडीत म्हणाले, "ताई, आपोआप जतन व्हाची सोय हाये याच्यात, पन थेही बंदच हाये. आन इन्व्हर्टरवर कूलर? तुमी तं शिकेल मानसं!"

"गर्मी किती होत होती, शफीकभाई," मी म्हटलं.

"गर्मी तं मलेही होते. म्हनून मी काय दुकानाले आग लावतो का?"

 बरोबरच बोलत होते. जाताना त्यांनी बाबांना शिकवलं, आणि त्यांची शिकवण मी आजही पाळते. लिहायच्या आधी नाव द्यायचं, पान कोरं असतानाच. मग वाक्य संपलं की जतनाची दोन बटनं दाबायची, जसा आपण पूर्णविराम देतो तसं. आपोआप जतन दर दोन मिनिटांनी लावून दिलं. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घ्यायची आणि पेनड्राइव्ह त्याच टेबलावर ठेवायचा नाही. आणि एक प्रत दुसऱ्या गावी, म्हणजे मेलनं माझ्याकडे अमरावतीला. "एक प्रत म्हनजे एकबी नाही, साहेब. तुमाले काय सांगा लागते? स्थळप्रत तुमीच शिकोली आमाले." बाबा हसले नाहीत. शफीकभाईंना पन्हं दिलं, ते पिऊन कांदा खिशात टाकून गेले.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बाबा टेबलाकडे फिरकले नाहीत. कव्हर घातलेलं तसंच. मी मागे लागले, "पुन्हा लिहा न बाबा. तुम्ही सांगा, मी टाइप करते." "जाऊ दे," म्हणायचे. रस-पोळी केली, त्यांना आवडतात म्हणून सरगुंडे केले, जेवले, चांगलं झालं म्हणाले. एक शब्द रागाचा नाही. मला वाटायचं, ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातानं मी आईला दुसऱ्यांदा घालवलं असं मला वाटत होतं, आणि मी ते त्यांना तसंच बोलूनही दाखवलं. तेव्हा बाबांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग उठून माठातलं पाणी प्यायले.

नवव्या दिवशी सकाळी खडखड ऐकू आली.

पण या वेळी आवाज वेगळा होता. चार शब्द, मग खट्. चार शब्द, खट्. प्रत्येक वाक्याला जतन. मी दारातून पाहिलं तर वर नावही दिलेलं, नुसतं 'कमल'. पेनड्राइव्ह डाळीच्या डब्यात ठेवायला लागले. वरण करताना तो एकदा वाटीत आला. संध्याकाळी मेल करायचे आणि मी बाजूच्या खोलीत असतानाही हाक मारायचे, "संध्ये, पोचलं का?" मी म्हणायची, "पोचलं." उघडू नको म्हणून दम दिलेला होता, मी उघडलं नाही. आजही त्यांचा रोज मेल येतो. आता कचेरीतल्या गमतीजमती लिहितात, पावसापाण्याचं लिहितात. चौऱ्याऐंशी पानं झाली आहेत. आणि हे लिहिताना माझाही डावा हात ओळीओळीला ती दोन बटनं दाबतोय. वर्गात मुलांनी विचारलं की मॅडम, निबंध लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं काय, तर माझ्या तोंडून आधी हेच निघतं आणि पोरं हसतात.

त्या वर्षीचा मृग दोन दिवसांवर आला होता. आभाळ नुसतं भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. उद्या मला अमरावतीला निघायचं होतं, बॅग भरत होते. बाबांनी हाक मारली. "ये. वाच आता."

सोळा पानं होती. मी खुर्चीत बसले, ते पलंगावर. पहिली पानं अशी सुरेख की मला वाचता वाचता हसू येत होतं. कमल सायकल शिकली आणि थेट पाणपोईच्या माठांवर जाऊन पडली. कमलनं पहिल्यांदा भाकर थापली ती बाबांच्या मित्रानं ताटात वाजवून दाखवली. कमल पोराला झोळीत झोके देत देत परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं पाठ करायची, आणि त्यामुळे पोराला झोप लागायची पण बाबांची मोडायची. मुलाखतीला ती निळं लुगडं नेसून गेली. मग एकदम भाषा बदलली. कचेरीची झाली. 'सदरहू नेमणूक पत्र आमचे कचेरीचे पत्त्यावर प्राप्त झाले. पदस्थापना तिवसा. पत्र संबंधितास देण्यात आले नाही.'

'सदरहू' पाहून मी आधी हसलेच. मग पुन्हा वाचलं.

"बाबा, हे काय आहे? आईला तिवस्याला नोकरी लागली होती?"

"हो."

"आणि तुम्ही पत्रच दिलं नाही?"

बाबा खाली पाहून बोलत होते. "आमी तवा भाड्याच्या खोलीत, पत्त्याचा ठिकाना नाही, म्हनून तिनं माया कचेरीचा पत्ता देला होता. तू चार वर्साची. बाबू मांडीवरचा. माही नोकरी अकोल्यात. थे तिवस्याले जाईन तं घर कसं चालन? रविवारी सांगू म्हनलं. रविवारी थे लय खुशीत होती, म्हनलं उद्या सांगू. मंग उद्या. हजर व्हाची तारीख निंघून गेली. त्याच्यानंतर कोन्या तोंडानं सांगू?"

"पत्र कुठाय?"

"फाडलं."

 बाबाच पुढं म्हणाले, "तू आठ दिवस रडली, का तुह्या कूलरनं गेलं. मले बटन माहीत नोतं का? तू दोनदा शिकोलं. मीच दाबलं नाही. दाबलं असतं तं राह्यलं असतं, मंग तू वाचलं असतं. थे बावीस पानं गेली तवा मले हलकं वाटलं. दोन दिवस वाटलं. मंग तू म्हनली का तुह्या हातानं तू तिले घालवलं, तवा लाज वाटली."

मला राग आला. अर्धा नाही, या वेळी पुरता आला. उठून स्वयंपाकघरात गेले, माठातून पाणी घेतलं आणि पेला तसाच हातात धरून उभी राहिले. आई माझी चाळीस वर्षं स्वतःला नापास समजत होती. माझ्या गणिताच्या वहीला हात लावायची नाही, 'मले काय समजते' म्हणायची. माझे पेढे वाटून मोरीत रडली तेव्हा हाच माणूस बाहेर बसला होता. त्यानं ते रडणं ऐकलं असणार. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? कधी फोनवर बोलताबोलता अचानक येतो आणि मी उगाच दुसऱ्याच गोष्टीवरून त्यांच्यावर खेकसते. ते ऐकून घेतात.

परत बाहेर आले. बाबा खुर्चीवर येऊन बसले होते. म्हातारा माणूस, बनियनला घामाचा नकाशा, हात मांडीवर.

"तू म्हनशीन तसं," ते म्हणाले. "ठिवू का पुसू?"

मी म्हटलं, "ठेवा. पण त्यात एक वाक्य कमी आहे."

"कोनतं?"

"सगळं लिहिलंत तुम्ही. पत्र प्राप्त झाले, देण्यात आले नाही. आई पास झाली होती, हे कुठंच लिहिलं नाही."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारा माणूस, एक-एक अक्षर शोधून, एका बोटानं टाइप करायला लागला. मी मागे उभी राहून पाहत होते. टाइप करून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, आणि ते मोठ्यानं वाचलं.

"कमल पास झाली होती."

त्या घरात हे कोणी पहिल्यांदाच बोललं.